ऐतिहासिक परिसराचे जतन : इतिहास आणि आपले कर्तव्य



तामलवाडी हे सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचे गाव. येथून सकाळी निघालेला माणूस तुळजापूरचा घाट चढून धाराशिवला आणि पुढे तेरला जाऊन संध्याकाळी घरी परत येऊ शकतो. एवढ्या लहानशा प्रवासात दोन हजार वर्षांचा इतिहास डोळ्यांखालून जातो. शाळांच्या सहली जातात, मुले लेणी पाहतात, तेरचे संग्रहालय पाहतात. परत आल्यावर काय पाहिले असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर एकच असते, "दगड आणि मूर्ती पाहिल्या."

यात मुलांचा दोष आहे असे आम्ही मानत नाही. वारसा म्हणजे जुना दगड, जुनी मूर्ती, जुनी इमारत, हीच समजूत मोठमोठ्या विद्वानांची आणि कायदे करणाऱ्यांचीही शंभर-दीडशे वर्षे होती. वास्तूभोवतीचा डोंगर, नदी, रस्ता, गाव आणि त्या गावातील माणसे हीदेखील त्या वास्तूचाच भाग आहेत, हे जगाला फार उशिरा कळले. हे कसे कळले, त्यासाठी कोणते कायदे झाले आणि आपल्या समाजाचा या प्रश्नाशी काय संबंध आहे, हे प्रस्तुत लेखात थोडक्यात पाहावयाचे आहे.

काळी आणि पांढरी

प्रथम 'परिसर' म्हणजे काय ते समजून घेऊ. त्यासाठी परक्या भाषेतील व्याख्येकडे जाण्याची गरज नाही. आपल्या खेड्यांत जमिनीचे दोन भाग मानीत आले आहेत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी माणसे राहिली, की चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, मडक्यांची खापरे, गुरांचे शेण असे सर्व साचत जाते आणि तेथील मातीला फिकट रंग येतो. ती पांढरी. जुने गाव ओसाड पडले, तरी पांढरीचे टेकाड मागे राहते.

अशा टेकाडाचे थर असतात. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना. एखादा मणी किंवा नाणे ज्या थरात सापडते, त्यावरून त्याचा काळ ठरतो. तोच मणी कोणी उकरून खिशात घातला, तर तो केवळ एक मणी उरतो. त्याची साक्ष संपते. एका मण्याची ही गोष्ट झाली. स्तूप, विहार, किल्ला, तळे यांनाही हाच नियम लागू पडतो. भोवतालची जागा गेली, की वास्तू मुकी होते.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. जुन्या गावगाड्यात गावाची शीव कोठून जाते याविषयी तंटा झाला, तर महाराची साक्ष महत्त्वाची मानीत. गावाचा माळ, ओढा, पाणंद, शिवेचा दगड यांची खडान्‌खडा माहिती त्याला होती. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यालाच गावाच्या भूमीचे सर्वांत जास्त ज्ञान होते! ते वतन गुलामीचे होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याविरुद्ध १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, हे आपण जाणतोच. ती गुलामी आपण टाकली, ते योग्यच झाले. परंतु भूमीचे ते ज्ञान मात्र टाकून देण्याचे कारण नाही.

सम्राट अशोकाचा धडा

पवित्र स्थळाचे जतन ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. राज्याभिषेकाला २० वर्षे झाल्यावर सम्राट अशोक स्वतः लुंबिनीस गेला आणि तेथे त्याने शिलास्तंभ उभारला. त्या स्तंभावरील लेख लहान आहे, पण त्यातील एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवावी. भगवान बुद्धांचा जन्म येथे झाला म्हणून लुंबिनी गावाचा 'बलि' हा कर सम्राटाने माफ केला आणि उत्पन्नावरील राजभाग आठव्या हिश्श्यावर आणला.

म्हणजे अशोकाने केवळ खांब उभारला नाही. त्या जागी राहणाऱ्या कष्टकरी माणसांचा भार हलका केला. स्थळाचा मान आणि स्थळावरील माणसांचे हित या दोन गोष्टी त्याने एकत्र बांधल्या. पुढील सर्व इतिहास तपासताना हीच कसोटी आपण लावू.

दगड राहिला, जागा गेली

बौद्ध धम्माचा राजाश्रय गेल्यावर शेकडो विहार आणि स्तूप ओस पडले, मातीखाली गेले. जे वर दिसत होते, त्यांचा उपयोग दगड-विटांच्या खाणीसारखा झाला. १७९४ साली सारनाथ येथील धर्मराजिका स्तूप बांधकामाच्या विटांसाठी पाडण्यात आला. त्याच सुमारास आंध्रातील अमरावतीच्या महास्तूपाचे कोरीव दगड नव्या बांधकामासाठी काढले जात होते. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी उरलेल्या शिल्पांचे वर्णन केले, चित्रे काढली आणि शिल्पे तेथून हलवली. आज अमरावतीची उत्तम शिल्पे चेन्नई आणि लंडन येथील संग्रहालयांत आहेत. मूळ जागी मात्र स्तूपाच्या पायाचा घेर आणि मोजके अवशेष उरले आहेत.

अजिंठ्याचेही असेच झाले असते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यास ही लेणी दिसली. त्यानंतर पाहुणे येऊ लागले. कोणी भिंतीवर नावे कोरली, तर कोणी चित्रांचे तुकडे खरवडून नेले. १८४४ पासून रॉबर्ट गिल याने चित्रांच्या प्रतिकृती करण्यास आरंभ केला. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. १८४८ मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांची माहिती गोळा करण्यासाठी मुंबईत एक समिती नेमण्यात आली. पण अजिंठा वाचण्याचे खरे कारण वेगळे आहे. लेणे उचलून नेता येत नाही. वाघोरा नदीचे ते नालाकृती वळण, तो कडा आणि ते रान यांपासून अजिंठा वेगळा काढताच येत नाही.

स्वातंत्र्यानंतर नागार्जुनसागर धरणाचे काम निघाले, तेव्हा नागार्जुनकोंड्याचे संपूर्ण खोरे पाण्याखाली जाणार होते. १९५४ ते १९६० या काळात तेथे मोठे उत्खनन झाले आणि निवडक स्तूप, विहार, शिल्पे टेकडीवर नेऊन पुन्हा मांडण्यात आली. ती टेकडी आता बेट झाली आहे. धरणाने लाखो शेतकऱ्यांना पाणी दिले, हे नाकारता येणार नाही. पण भिक्खू ज्या खोऱ्यात राहत व शिकत, ते खोरे आता कोणीही पाहू शकणार नाही.

कायद्याची वाटचाल

१८६१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांची पुरातत्त्व सर्वेक्षक म्हणून नेमणूक झाली. १८६३ च्या एका कायद्याने प्राचीन इमारतींची हानी रोखण्याचा अधिकार सरकारला मिळाला. खरा पाया घातला तो लॉर्ड कर्झनच्या काळातील १९०४ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्याने. या कायद्यात 'स्मारक' या शब्दाच्या अर्थात वास्तूची जागा, कुंपणासाठी लागणारी लगतची जमीन आणि तेथे जाण्याची वाट यांचाही समावेश होता. परिसराचा हा कायद्यातील पहिला उल्लेख म्हणता येईल. पण तो कुंपणापुरताच होता.

आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानाने १९१४ साली स्वतःचे पुरातत्त्व खाते स्थापन केले आणि गुलाम याझदानी यांना त्याचे प्रमुख नेमले. अजिंठ्याची चित्रे सांभाळण्यासाठी १९२० नंतर इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना बोलावण्यात आले.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४९ व्या अनुच्छेदाने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य ठरवले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचेही मूलभूत कर्तव्य झाले. १९५८ मध्ये केंद्राचा व १९६० मध्ये महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा आला. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने केंद्र-संरक्षित स्मारकांपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित ठरले. २०१० च्या दुरुस्तीने ही अंतरे मूळ कायद्यातच आली आणि परवानगीचे काम पाहण्यासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण निर्माण झाले.

शंभर मीटरची रेघ ओढणे सोपे आहे. परंतु त्या रेघेच्या आत ज्यांची घरे आहेत, त्यांचे काय? दुरुस्तीला परवानगी घ्यावी लागते आणि नवे बांधकाम करता येत नाही. ज्याच्याजवळ दुसरीकडे जागा घेण्याचे पैसे आहेत, तो निघून जातो. गरीब मनुष्य गळक्या छपराखाली अर्जाची वाट पाहत बसतो. कायदा आवश्यक आहे, याबद्दल शंका नाही. पण अशोकाच्या कसोटीवर तो येथे थोडा अपुरा पडतो, असे आम्हांस वाटते.

जगाचा अनुभव

इतर देशांतही विचार असाच हळूहळू पुढे गेला. १९३१ साली अथेन्स येथे भरलेल्या परिषदेत स्मारकाच्या आजूबाजूच्या दृश्याचा विचार मांडला गेला. फ्रान्सने १९४३ मध्ये ऐतिहासिक स्मारकाभोवतीच्या ५०० मीटर परिघात बांधकामावर नियंत्रण आणले. त्याच देशात १९६२ साली मंत्री आंद्रे मालरो यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि जुने वाडे-गल्ल्या असलेले शहराचे पूर्ण भाग संरक्षित करण्याची सोय झाली. पॅरिसचा मारे हा भाग त्यामुळे पाडापाडीतून वाचला. मात्र घरे दुरुस्त झाल्यावर भाडी वाढली आणि तेथील अनेक कारागीर व गरीब कुटुंबांना बाहेर पडावे लागले. गल्ली राहिली, गल्लीतली माणसे गेली.

त्याच १९६२ साली युनेस्कोने निसर्गदृश्ये आणि स्थळांचे सौंदर्य राखण्याविषयी शिफारस केली. १९६४ च्या व्हेनिस सनदेने ऐतिहासिक स्मारकाच्या कल्पनेत त्याभोवतीचा शहरी वा ग्रामीण परिसरही आणला. १९७२ मध्ये जागतिक वारसा करार झाला. भारत त्यात १९७७ साली सामील झाला आणि १९८३ मध्ये अजिंठा व वेरूळ यांची नावे यादीत आली. १९७६ ची नैरोबी येथील शिफारस आणि १९८७ ची वॉशिंग्टन सनद जुन्या शहरांविषयी होती. या दोहोंत तेथील रहिवाशांचा विचार ठळकपणे आला. १९९२ पासून माणूस व निसर्ग यांनी मिळून घडवलेल्या भूप्रदेशांना जागतिक वारशात स्वतंत्र स्थान मिळाले. २००५ मध्ये चीनमधील शिआन येथे वास्तूच्या भोवतालाविषयीच जाहीरनामा निघाला. २०११ च्या युनेस्को शिफारशीने तर संपूर्ण ऐतिहासिक शहर हा एक जिवंत भूप्रदेश मानला.

बौद्ध जगातील दोन उदाहरणे येथे बोलकी आहेत. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस, ब्रह्मदेशाचे यू थान्ट यांनी १९६७ साली लुंबिनीस भेट दिली आणि तिच्या विकासाची चळवळ सुरू झाली. जपानी वास्तुरचनाकार केन्झो टांगे यांचा सुमारे ३ चौरस मैलांचा आराखडा १९७८ मध्ये मंजूर झाला. वन, जलमार्ग, विहारांची जागा असा उत्तम विचार त्यात आहे. पण त्यासाठी तेथील गावे हलवावी लागली. ज्या गावाचा कर अशोकाने हलका केला होता, त्याच भूमीवरची ही गोष्ट आहे. दुसरे उदाहरण अफगाणिस्तानातील बामियानचे. २००१ साली तेथील दोन महाकाय बुद्धमूर्ती स्फोटकांनी उडवण्यात आल्या. तरीही २००३ मध्ये बामियानचे संपूर्ण खोरे जागतिक वारसा ठरले. मूर्ती गेल्या, पण रिकामे कोनाडे, गुहा, शेते आणि डोंगर मिळून त्या खोऱ्याची साक्ष अजून शिल्लक आहे, हे जगाने मान्य केले.

आपल्या महाराष्ट्रात मुंबईने १९९५ साली वारसा नियमावली लागू केली. इमारतींबरोबर वारसा-परिसरांनाही तीत संरक्षण मिळाले; भारतातील शहरांत असा हा पहिलाच प्रयत्न होता. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील ११ व तमिळनाडूतील जिंजी असे १२ किल्ले 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने जागतिक वारसा यादीत आले. नावातील 'भूप्रदेश' हा शब्द महत्त्वाचा आहे. तट-बुरुजांबरोबर सह्याद्रीचे कडे आणि समुद्रही त्यात मोजले गेले.

दौलताबादचा हौद आणि महाडचे तळे

आता आपल्या समाजाच्या दृष्टीने मुख्य प्रश्नाकडे येऊ. वारसा जपावयाचा, पण कोणासाठी?

१९३४ साली बाबासाहेब आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावयाचे ठरले. प्रवासाची धूळ अंगावर होती. प्रवेशद्वाराजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. तोच हौद बाटवला म्हणून तेथे आरडाओरडा झाला, लोक जमले, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहू दिला गेला, तो सशस्त्र शिपाई सोबत देऊन. आतील पाण्याला कोणी हात लावू नये म्हणून! बाबासाहेबांनी हा प्रसंग आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवला आहे.

विचार करा. किल्ला उभा होता, तट शाबूत होता, हौदात पाणी होते. स्मारक-रक्षणाच्या दृष्टीने सारे ठीक होते. पण ज्या देशाचे ते स्मारक, त्याच देशातील माणसांना तेथे ओंजळभर पाणी घेता येत नव्हते. असे स्मारक सुरक्षित असले, तरी ते सर्वांचे नव्हते.

त्याआधी सात वर्षे, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याला स्पर्श केला होता. ते तळे कलाकुसरीसाठी प्रसिद्ध नाही. तेथे जे घडले, त्यामुळे ते तळे आणि त्याच्या पायऱ्या हा भारताचा वारसा झाला. नागपूरच्या दीक्षाभूमीचेही तसेच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तेथे मोकळे मैदान होते. आजचा भव्य स्तूप २००१ साली खुला झाला. २०२४ साली त्या परिसरात भूमिगत वाहनतळाचे काम सुरू झाले, तेव्हा स्तूपाला धोका पोहोचेल म्हणून अनुयायांनी १ जुलै रोजी तीव्र विरोध केला आणि शासनाने कामाला स्थगिती दिली. त्या दिवशीच्या मोडतोडीचे समर्थन करता येणार नाही. तथापि, मैदान, माती आणि लाखो लोक उतरण्याची मोकळी जागा हीच दीक्षाभूमी आहे, ही सामान्य माणसाची जाण कोणत्याही आंतरराष्ट्रीय सनदेपेक्षा कमी नव्हती.

आपला जिल्हा, आपला परिसर

धाराशिव जिल्ह्यात या विषयाची तीन जिवंत उदाहरणे आहेत.

पहिले तेर. प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असल्याचा उल्लेख आहे. येथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई. तेरणा नदीकाठच्या टेकाडांत झालेल्या उत्खननांत विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. त्रिविक्रम मंदिराची मागील बाजू अर्धवर्तुळाकार असून मूळ रचना बौद्ध चैत्याची असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. संत गोरा कुंभारही याच गावचे. येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंतून आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. मात्र तेरचे टेकाड आणि तेरचे गाव वेगळे नाही. पांढरीवरच लोक राहतात. घर बांधताना पाया खणला, की इतिहास लागतो.

दुसरे, धाराशिव शहराजवळ बालाघाटाच्या डोंगरात कोरलेली लेणी. येथे आज पार्श्वनाथांची मूर्ती आहे. मुळात लेणी बौद्ध की जैन, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रथम बौद्ध आणि नंतर जैन, असे मत मांडणारेही नामवंत विद्वान आहेत. आम्हांस असे सुचवावयाचे आहे की, आपण अभ्यास जरूर करावा, पुरावा जरूर मांडावा. पण डोंगर मात्र दोघांनी मिळून राखावा. कडा ढासळला, तर वाद घालण्यासही काही उरणार नाही.

तिसरे नळदुर्ग. हा किल्ला आपल्याच तुळजापूर तालुक्यातील. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात बांधावरून पाणी कोसळते, तेव्हा तो पाहण्यास दूरदूरची माणसे येतात. नदीला पाणी नसेल, तर पाणीमहाल ही केवळ एक खोली आहे! परिसर म्हणजे काय, हे याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

आपल्या गावावरून आता चौपदरी रस्ता गेला आहे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचे कामही हाती घेण्यात आले आहे. विकास हवाच, मुलांना नोकऱ्या हव्यात, आजाऱ्याला लवकर दवाखाना गाठता यावा. पण रस्ता आला की मुरूम लागतो, माती लागते, माळ आणि टेकाडे खणली जातात. कोणते टेकाड साधे आणि कोणते पांढरीचे, हे सांगणारा माणूस त्या वेळी गावात असला पाहिजे. तो माणूस तुमच्यातून निघावा, हीच या लेखामागील इच्छा आहे.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. आपल्या गावाचा नकाशा हाताने काढा. त्यात पांढरी, शीव, ओढा, जुनी बारव व आड, पार, विहार आणि जुन्या पाणंदी दाखवा.

२. घरातील वृद्धांना विचारा : पूर्वी कोणत्या विहिरीवर कोणाला पाणी भरू देत नसत? ती जागा नकाशावर नोंदवा. तोही इतिहासच आहे.

३. शेतात किंवा खोदकामात जुनी खापरे, मोठ्या विटा, नाणी दिसल्यास ती उचलू नका, विकू नका. जागा लक्षात ठेवून शिक्षकांमार्फत तहसील कार्यालयास किंवा पुरातत्त्व विभागास कळवा.

४. तेर, धाराशिव लेणी किंवा नळदुर्ग येथे जाल, तेव्हा वास्तूबरोबर तिच्या भोवतालाचेही दहा ओळींत वर्णन लिहा. तेथे राहणाऱ्या एका तरी माणसाशी बोला.

५. सहलीत भिंतीवर नाव लिहिणाऱ्या मित्रास नम्रपणे थांबवा.

समारोप

जतनाचा विचार प्रथम दगडापाशी होता, मग कुंपणापर्यंत आला, पुढे गल्ली, शहर, डोंगर आणि नदीपर्यंत पोहोचला. त्याला अखेर माणसापर्यंत यावयाचे आहे. अशोकाने लुंबिनीस ते एकाच लेखात केले होते. बाबासाहेबांनी महाडला ते एका ओंजळीत केले. स्थळ टिकावे, तेथे राहणारा सुखाने राहावा आणि तेथे येणाऱ्या कोणासही दारात अडवले जाऊ नये. या तीन गोष्टी साधल्या, तरच वारसा जपला असे म्हणता येईल. आपल्या मंडळाच्या प्रत्येक सभासदाने निदान आपल्या गावाच्या शिवेपुरती ही जबाबदारी घ्यावी, एवढीच विनंती करून आम्ही हा लेख पूर्ण करतो.

नमो बुद्धाय! जय भीम!